खारीचं मटन आणि झाकणावरचं पाणी

मागच्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार, रात्रीचे नऊ. डब्यांची भांडी घासून पालथी घातली होती, ओटा पुसून झाला होता आणि मी पायाला तेल चोळत बसले होते. दर रविवारी नागपुरातल्या नंदनवन भागातल्या घरून मी सावजी मटनाचे पंचवीस-तीस डबे करते. त्यामुळे रविवारी रात्री कोणी माझ्यापुढे मटनाचा विषय काढला की मला तिथेच आडवं व्हावंसं वाटतं. आणि नेमका तेव्हाच भाच्याचा व्हिडिओ कॉल.

भाचा अमेरिकेत असतो, मिसुरी राज्यात, कोलंबिया नावाच्या गावी. त्याच्याकडे सकाळचे साडेनऊ. केस उभे, अंगात स्वेटर, चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"मावशी, एक विचारू? ओरडशील नाही ना?"

"विचार."

"खार कशी शिजवतात?"

मला वाटलं, नेटवर्क गेलं. मी म्हटलं, काय शिजवतात? तर त्याने फोन फिरवून सिंककडे धरला. प्लास्टिकच्या पिशवीत सोललेले, स्वच्छ केलेले दोन लांबुळके जीव. शेजारच्या म्हाताऱ्याने सकाळी दारात आणून दिले होते. म्हातारा शेतीतून निवृत्त झालेला, शिकारीचा शौकीन. भाच्याने बर्फ पडल्यावर त्याच्या दारापुढची वाट दोनदा साफ करून दिली, त्याची ही परतफेड.

"रामाची खार शिजवून राहिला काय रे तू?" हे मी नाही, मागून माझी आई बोलली. आई ब्याऐंशी वर्षांची. तिला ऐकू येत नाही असा आमचा सगळ्यांचा समज आहे.

"आजी, हिच्या पाठीवर पट्टे नसतात," भाचा म्हणाला.

आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, "मंग ठीक आहे."

तर तिकडची खार वेगळी. आपल्या गच्चीवर खोबरं पळवणारी खारूताई शंभर-सव्वाशे ग्रॅमची. तिच्यात खायचं काय, तिला तर हात लावायलाही जीव होत नाही. मिसुरीतली फॉक्स स्क्विरल तांबूस पोटाची, अर्ध्या किलोपासून किलोपर्यंत भरते. दुसरी राखाडी, ती थोडी लहान. अक्रोड, ओकची फळं आणि हिकरी नावाच्या झाडाच्या बिया खाऊन दोघीही वाढतात. शिकारीचा परवाना काढायचा, मे अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत हंगाम, दिवसाला दहाची मर्यादा. सगळं कायदेशीर. तिकडच्या खेड्यापाड्यांत आजी-आजोबांच्या हातचं जेवण म्हणजे खारीचा रस्सा असं म्हणणारी माणसं आहेत. केंटकीत बर्गू आणि व्हर्जिनिया-जॉर्जियात ब्रन्सविक स्ट्यू असे जे मोठ्या कढईतले प्रकार आहेत, त्यांत पूर्वी खारच पडायची. आता बहुतेक कोंबडी पडते.

इथे एक गोष्ट साफ सांगते, कारण हे वाचून कोणीतरी मला फोन करेल. आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, तितर, लावा, सांबर, काहीही मारणं गुन्हा आहे. माझ्या दारातही एकदा एक जण कुजबुजत आला होता, "ताई, ससा हाये, पायजे काय?" त्याला मी गेटच्या बाहेर उभं ठेवूनच परत पाठवलं. आमचं मूळ गाव भिवापूरकडचं. आजोबांच्या तोंडून तितराच्या गोष्टी ऐकल्यात, ताकात रात्रभर भिजवलेल्या सशाच्याही ऐकल्यात. तो काळ गेला. आता त्याच पट्ट्यात उमरेड-कऱ्हांडल्याचं अभयारण्य आहे आणि लोक पैसे देऊन जिप्सीत बसून तितर बघतात. बरंच झालं.

म्हणजे मी जन्मात रानचं जनावर शिजवलेलं नाही. मग भाच्याने मला का विचारावं? कारण त्याला माझा कोंबडा माहीत आहे.

कोंबड्याचं सांगते. माझ्या मोठ्या मुलीचं लग्न ठरलं, तेव्हा तिच्या सासरचे पहिल्यांदा जेवायला यायचे होते. मी म्हटलं, बॉयलर नाही, गावरानच करायचा. सकाळी बुधवार बाजारातून ऐटबाज कोंबडा आणला. तुरा लालभडक, पायाला मागच्या बाजूने बोटभर काटा. तो काटा बघूनच मला कळायला हवं होतं. कोवळ्या कोंबड्याला तिथे नुसता गाठीसारखा उंचवटा असतो, लांब काटा म्हणजे गडी दोन-तीन पावसाळे पाहिलेला. अकराला कापला, बाराला गंजात, म्हणजे पातेल्यात, पडला, दोनला पंगत. एवढ्या वेळात रस्सा असा झाला होता की गल्लीत वास. तर्री लाल, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर. व्याह्यांनी पहिला तुकडा तोंडात घातला. चावला. परत चावला. मग तो तुकडा या गालातून त्या गालात गेला. मी वाढायचं सोडून त्यांच्या गालाकडेच बघत होते. विहीणबाई फार समजूतदार, म्हणाल्या, "रस्सा छान झालाय हो." रस्सा छान! मटन कसं झालंय ते कोणीच बोललं नाही. लग्न झालं, नातू झाला, पण आजही त्या घरी माझ्या कोंबड्याचं नाव निघालं की जावई मान खाली घालून हसतो.

त्या दिवशी संध्याकाळी आई म्हणाली, "कोंबडा म्हातारा होता त्याचं काही नाई. तुले घाई झाली होती."

आणि दोन्ही अर्थांनी तिचं खरं होतं. एक, कापल्याबरोबर कोंबडा मऊ असतो, पण तास-दोन तासांत अंग आखडतं. स्नायूंतली शक्ती संपली की ते आवळून बसतात, आणि नेमकं त्याच वेळी चुलीवर चढवलं की ते तसेच आवळलेले शिजतात. मग किती शिट्ट्या द्या. तेच मांस रात्रभर फ्रिजमध्ये राहू दिलं की आपोआप सैल पडतं. दोन, ज्या जनावराने आयुष्यभर पाय चालवलेत त्याच्या मांसात चिवट पांढरे धागे जास्त आणि वय वाढलं की ते धागे एकमेकांत घट्ट गुंततात. ते धागे साधारण 70 अंशांच्या पुढे हळूहळू विरघळून चिकट, मऊ होतात. पायाच्या सूपला जो ओठांना चिकटणारा गुण असतो ना, तो हाच. पण "हळूहळू" हा शब्द महत्त्वाचा. तासाभरात म्हाताऱ्या कोंबड्याचं काहीच होत नाही. उलट मोठ्या आचेवर खळखळा उकळला की मांस आवळतं, आतलं पाणी बाहेर टाकतं आणि कोरडं पडतं. म्हणजे अर्धवट शिजवलेलं मांस कच्च्यापेक्षा वाईट. बऱ्याच बायका याच टप्प्यावर हात टेकतात. म्हणतात, मटनच खराब दिलं. खाटिकाला शिव्या पडतात बिचाऱ्याच्या.

रानचं जनावर म्हणजे या कोंबड्याचा मोठा भाऊ. दिवसभर झाडावर चढ-उतर करणारी खार, तिच्या अंगावर चरबी नावाला नाही. मागच्या मांड्या म्हणजे नुसती ताकद. तेव्हा भाच्याला मी पहिला प्रश्न विचारला तो मसाल्याचा नव्हता.

"मारली कधी?"

"परवा. दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवून मग दिली त्याने."

म्हटलं, म्हातारा जाणकार आहे.

"आणि वय?"

हे त्याला माहीत नव्हतं. मी म्हटलं, जा, विचारून ये. तो चपला घालून शेजारी गेला, फोन हातातच. मला मिसुरीतलं बर्फ, एक लाल ट्रक आणि कुत्र्याचं नाक एवढं दिसलं. म्हाताऱ्याने सांगितलं की एक तरणी आहे, दुसरा जुना नर. कसं कळलं, तर सोलताना. तिकडे शेपटीवर पाय देऊन कातडं ओढायची पद्धत आहे. कोवळीचं सदऱ्यासारखं निघून येतं, म्हाताऱ्याचं ओढता ओढता माणसाला घाम फुटतो. अजून एक त्याने सांगितलं, ते मी वहीत लिहून ठेवलं: पुढच्या पायांच्या काखेत आणि कमरेपाशी मसुराएवढ्या गाठी असतात, त्या काढायच्या. राहिल्या तर उग्र वास येतो. ससा सोलणारेही तेच करतात म्हणे. आमच्या आजोबांनी हे कधी सांगितलं नव्हतं. पण सोलणं पुरुषांचं आणि शिजवणं बायकांचं काम असायचं, त्यामुळे अर्ध्या गोष्टी अंगणातच राहिल्या असतील.

मग मी भाच्याला कामाला लावला. आधी दोन्ही हातांत मोजे. तिकडे सशा-खारींतून माणसाला ताप येण्याचा एक रोग आहे, हाताला ओरखडा असेल तर उघड्या हाताने कच्चं मांस चिवडायचं नाही. मग बोटांनी चाचपून छर्रे शोध. एक सापडला, डाव्या मांडीत, तीळाएवढा. छर्रा गेला तिथे केसही आत ओढले जातात, ते चिमट्याने काढायचे. डोकं पिशवीत होतं का म्हणून विचारलं, नव्हतं. बरं झालं, कारण तिकडे काही जुने लोक मेंदू खातात आणि 1997 साली केंटकीतल्या डॉक्टरांनी त्यावर धोक्याचा इशारा दिला होता. पुढे ते सिद्ध झालं नाही, पण ज्याची गरजच नाही ते पोटात कशाला.

नंतर मिठाचं पाणी. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ, तुकडे बुडवून रात्रभर फ्रिजमध्ये. याने रक्त सुटतं, राहिलेले केस वर येतात आणि मांस स्वतःत थोडं पाणी धरून ठेवतं. आपल्याकडे बायका म्हणतात, मीठ आधी घातलं की मटन दडस, म्हणजे घट्ट, होतं. माझी आईही म्हणते. मी पंधरा वर्षं डबे करतेय, मीठ आधीच लावते, दडस झालेलं नाही. हा वाद आमच्या घरात दर आखाडात होतो.

"मावशी, पपई?" भाचा म्हणाला. "इथे इंडियन स्टोअरमध्ये कच्ची मिळते."

पपईचं नाव काढलं आणि मला आमचा पोळ्याचा कर, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, आठवला. एका कराला मी जून बोकडाचं चार किलो मटन आणलं आणि शहाणपणा करून कच्च्या पपईचा सालीसकट वाटून गोळा लावून रात्रभर ठेवलं. सकाळी हात घातला तर बाहेरून शेवाळासारखं बुळबुळीत आणि आतून होतं तसंच घट्ट. शिजल्यावर वरचा थर पिठूळ झाला, खिमा म्हणून खपवला. पपईचा चीक मांसाचे धागे तोडतो खरा, पण तो लागला तिथेच काम करतो आणि थांब म्हटल्याने थांबत नाही. शिवाय त्याला उष्णता आवडते, म्हणजे गंज तापायला लागला की त्याचा जोर सगळ्यात जास्त. कबाबाच्या पातळ तुकड्याला अर्धा-पाऊण तास ठीक. चिमूटभर मांडी असलेल्या खारीला नको. तिकडचे लोक ताकात भिजवतात, आपण दही लावू, तेवढं पुरे. दहीही वरवरच जातं, पण खराब काही करत नाही.

आईने मागून सुपारी सुचवली. अख्खी सुपारी गंजात टाकली की मटन लवकर शिजतं, हे तिचं तत्त्व. मी दोनदा एकाच बोकडाचं मटन दोन गंजांत करून पाहिलंय, एकात सुपारी, दुसऱ्यात नाही. काही फरक पडला नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, सुपारी चांगली नसेल.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे आमच्या सोमवारी रात्री, प्रत्यक्ष रांधणं. मसाला त्याच्याकडे होता, मीच दिवाळीत पाठवलेला: धणे, खसखस, सुकं खोबरं, दगडफूल, मोठी वेलची, शहाजिरे, लवंग, मिरी, सगळं वेगवेगळं भाजून काळपट केलेलं, आणि वेगळ्या पुडीत भिवापुरी तिखट. मी म्हटलं, नेहमीच्या अर्धाच घाल. सावजी मसाला कशालाही झाकून टाकतो. वाटल्यास चपलेचाही रस्सा करता येईल. पण म्हाताऱ्याने प्रेमाने दिलेलं आहे आणि अक्रोड खाऊन वाढलेल्या मांसाला स्वतःची काही चव असेलच ना.

तेलावर मात्र मोठा घोळ झाला असता. सावजीला जुन्या पद्धतीने जवसाचं तेल लागतं आणि भाचा म्हणाला, "मिळालं मावशी, हार्डवेअरच्या दुकानात, डबाभर." मी किंचाळलेच. ते फर्निचरला लावायचं तेल! लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. डबा उघडला नव्हता, नशीब. शेंगदाण्याच्या तेलात करायला सांगितलं आणि वर एक चमचा तूप, कारण अंगात चरबी नसलेल्या मांसाला बाहेरून चरबी द्यावीच लागते. तिकडचे डुकराच्या चरबीचे काप घालतात. तसंच ते.

कांदा, आलं-लसूण, मसाला, मग तुकडे. आणि मग ती गोष्ट जी मला कोंबड्याच्या वेळी कळायला हवी होती. तुकडे मसाल्यात परतले की लगेच पाणी ओतायचं नाही. आच अगदी बारीक करायची, गंजावर खोलगट झाकण ठेवायचं आणि झाकणात पाणी. आत वाफ वर जाते, थंड झाकणाला लागते, थेंब होऊन परत खाली पडते. मांस स्वतःच्याच रसात बसून राहतं. झाकणावरचं पाणी कढत झालं की तेच आत ओतायचं, झाकणात दुसरं थंड घालायचं. गार पाणी कधीही आत नाही. कान लावला तर आतून खळखळ ऐकू यायला नको, अधूनमधून एखादा बुडबुडा, झोपलेल्या माणसाने ओठ हलवावेत तसा. भाच्याकडे खोलगट झाकण नव्हतं, त्याने भांड्यावर सूपची प्लेट ठेवली. मी म्हटलं, चालेल.

"कुकर का नको?" त्याने विचारलं. नको असं नाही. कुकरात पाणी 120 अंशांपर्यंत तापतं, त्यामुळे दोन-अडीच तासांचं काम अर्ध्या तासात होतं. डब्यांचं मटन मी कुकरातच करते, नाहीतर रविवार पुरणार नाही. पण कुकरचं झाकण उघडून बघता येत नाही आणि लहान जनावराचं मांस पाच मिनिटांत मऊवरून चोथ्यावर जातं.

इथेच मी चुकले. दोन खारी, एक तरणी, एक म्हातारा, हे सगळं विचारून घेतलं, बर्फातून शेजारी पाठवलं पोराला, आणि दोघांना एकाच भांड्यात घालायला सांगितलं. साधी गोष्ट. मी डब्यांत कधीही जून आणि कोवळं एकत्र करत नाही. पण फोनवर, पायाला तेल लावता लावता, राहून गेलं.

तासाभराने त्याने काटा टोचून दाखवला. तरणीची मांडी हाडावरून सुटली होती, म्हाताऱ्याची अजून टणक. म्हटलं, तरणी काढून बाजूला ठेव. पण तोवर ते सगळं मसाल्याने एकसारखं लाल झालं होतं आणि कुठला पाय कोणाचा हे त्याला ओळखता येईना. एक-एक तुकडा टोचत बसला. तीन पाय बाहेर निघाले, चौथा राहिला तो राहिलाच. शेवटी अडीच तासांनी म्हाताऱ्याची मांडी बोटाने दाबली तर हाडापासून सरकली, आणि रश्श्यात तरणीच्या चौथ्या पायाचे नुसते धागे तरंगत होते. भाजलेल्या ज्वारीच्या पिठाने रस्सा दाटसर केला, वर सांभार.

मी विचारलं, कसं लागतंय? तो बराच वेळ चावत होता. माझ्या डोळ्यांपुढे व्याही. मग म्हणाला, "मावशी, म्हातारा जास्त चांगला झालाय. कोंबडीच्या मांडीसारखा, पण थोडा गोड."

त्याच्या बायकोने खाल्लं नाही. तिने भाकरीबरोबर नुसता रस्सा घेतला आणि म्हणाली, छान झालाय. मी काही बोलले नाही.

एक वाटी शेजारी गेली. म्हाताऱ्याने उभ्यानेच दोन चमचे तर्री प्यायली, त्याला जबरदस्त उचकी लागली, डोळ्यांतून पाणी आलं आणि त्याने वाटी परत दिली नाही. तिसऱ्या दिवशी वाटी आली, तिच्यात काळे अक्रोड भरलेले. हातोडीशिवाय फुटत नाहीत म्हणे. सोबत निरोप होता, की पुढच्या आठवड्यात अजून तीन मिळतील आणि ते प्लेटमध्ये पाणी का ठेवलं होतं ते त्याला दाखवून द्यायचं.